तीन शिट्ट्या

ड्रमसेट घरात आला तेव्हा आईने सिंबलच्या स्टँडकडे बघून एकच प्रश्न विचारला, "यावर कपडे वाळत घालता येतील का?"

माझा होम स्टुडिओ म्हणजे डोंबिवलीतली दहा बाय अकराची बेडरूम. गिटारपुरती ती ठीक, पण ड्रम वाजले की चारही भिंती उलट उत्तरं देतात. म्हणून घरातल्या सगळ्या गोधड्या भिंतींवर टांगल्या आणि किकच्या पोटात उशी कोंबली. ती बाबांची निघाली.

मग माइक. किकला एक, स्नेअरला एक आणि वरून दोन ओव्हरहेड. या वरच्या दोघांचं स्नेअरपासूनचं अंतर सारखं लागतं. आवाजाला एक फूट जायला जवळपास एक मिलिसेकंद लागतो. एक माइक फूटभर लांब राहिला की तोच टोला दोनदा, मागेपुढे पोचतो, लाटा एकमेकींना खातात आणि दणक्याचा पापड होतो. मी आईची शिवणाची टेप घेऊन स्नेअरपासून छताकडे मापं घेत होतो. "काय शिवतोयस?" बाबांनी दारातून विचारलं. उशी गेल्यापासून ते जरा तिरकसच बोलत होते.

पहिला टेक ऐकला, तर फ्लोअर टॉमच्या प्रत्येक टोल्यामागे कोणीतरी 'झंऽऽ' करत होतं. केबल बदलल्या, नट आवळले. दोन दिवसांनी चोर सापडला. भिंतीपलीकडे स्वयंपाकघराच्या मांडणीवरचा पितळी डबा टॉमच्या सुरात सूर मिळवत होता. मी टॉम थोडा उतरवला. डबा गप्प झाला, परात जागी झाली.

शेवटी जिना आठवला. लेड झेपलिनच्या 'व्हेन द लेव्ही ब्रेक्स'मधले जॉन बॉनमचे ड्रम इंग्लंडमधल्या हेडली ग्रेंज या जुन्या घरात घेतले होते. ड्रमसेट खाली हॉलमध्ये, दोन माइक वर जिन्यात टांगलेले. 1971 सालचा तो अल्बम; दणका अजून छातीत बसतो. जिना तर आमच्या बिल्डिंगलाही आहे! रविवारी दुपारी तीनला तळमजल्यावर सेट मांडला, दुसऱ्या मजल्याच्या कठड्यावरून माइक सोडले आणि सुरू केलं.

हेडली ग्रेंजला सोसायटीचे सेक्रेटरी नव्हते. आमचे बनियनवर बाहेर आले. त्या रेकॉर्डिंगमध्ये चाळीस सेकंद खरोखर अप्रतिम ड्रम आहेत आणि पुढे त्यांचा आवाज. जिन्याने त्यालाही इतकं भारदस्त केलंय की पुसवत नाही.

पुन्हा बेडरूम. यावेळी टेक झकास जमला, फक्त मध्ये कुकरच्या शिट्ट्या झाल्या होत्या. मिक्सिंगला बसलो. स्नेअरच्या माइकवर गेट लावलं. टोला पडला की दार उघडतं, एरवी बंद. तिथली शिट्टी गेली. पण ओव्हरहेडना असं दार लावता येत नाही. सिंबलची शेपूटच तुटते. इक्यूने शिट्टी कापायला गेलो, तर हाय-हॅट आजारी वाटायला लागला. रात्री दोनला हात टेकले आणि शिट्ट्या ठेवल्या. एका मित्राने विचारलं, "तो सिंथ कुठला रे?"

सकाळी आईला हेडफोन लावून दिला. तिने डोळे मिटून अख्खं गाणं ऐकलं, बोटांवर काहीतरी मोजलं.

"तीनच?" ती म्हणाली. "तरीच त्या दिवशी राजमा कच्चा राहिला."