पिन आहे का गं?

लग्नघरात मंगलाष्टकांच्याही आधी घुमतो तो "पिन आहे का गं?" हा पुकारा. मग एखादी मावशी न बोलता मनगट पुढे करते. तिच्या सोन्याच्या बांगडीत चार सेफ्टी पिना अडकवलेल्या असतात. त्या दिवशी सोन्याला कोणी विचारत नाही.

या पिनेचा जनक न्यूयॉर्कचा वॉल्टर हंट. त्याच्या डोक्यावर १५ डॉलरचं देणं होतं. देणेकरी झालं की आपण गल्ली बदलतो. हंट तारेचा तुकडा पिळत बसला. पिळता पिळता पिन झाली. १० एप्रिल १८४९ रोजी पेटंट मिळालं आणि ते त्याने ४०० डॉलरला विकूनही टाकलं. पुढे जगभर पिना खपल्या, त्यातलं याच्या हाती काही आलं नाही. त्याआधी याने शिवणयंत्र बनवलं होतं, पण शिवणकाम करणाऱ्या बायकांची रोजी जाईल म्हणून पेटंटच घेतलं नाही, असं सांगतात. असा पुरुष आमच्या घराण्यात असता तर त्याच्या नावाने अजून बोटं मोडली गेली असती.

कारखान्यात पिळत बसायला कोणाला वेळ नसतो. जाड तार एकाहून एक लहान छिद्रांतून ओढून बारीक करतात. ओढाताणीने माणूस नरम पडतो, तार मात्र कडक होते. मग तिला सरळ करायची, तुकडे पाडायचे, एका टोकाला धार लावायची, मध्ये वेटोळं घालायचं, पत्र्याचं टोपण दाबून बसवायचं आणि वर निकेलचा मुलामा.

खरी करामत त्या वेटोळ्यात आहे. टोपणात अडकलेल्या तारेला सारखं बाहेर पडायचं असतं, टोपण पडू देत नाही, आणि बाहेर पडायच्या त्या धडपडीमुळेच ती आत घट्ट बसते. एकत्र कुटुंबाची याहून नेमकी प्रतिकृती मी पाहिलेली नाही. स्वस्तातल्या पिनेची तार नरम असते. ती एकदा वाकली की वाकलीच. मग टोक आणि टोपण यांची भेट होत नाही आणि निऱ्या भर मांडवात सुटतात.

हंटने पेटंटात हिला 'ड्रेस पिन' म्हटलंय. बिचाऱ्याला आमचं घर माहीत नव्हतं. इथे ती परकराची नाडी ओवते, तुटलेल्या चपलेचा अंगठा सांभाळते. महागड्या फोनसोबत सिमकार्ड काढायची खास सुई येते, ती दुसऱ्या दिवशी हरवते आणि पुन्हा पिनेचाच धावा होतो. जेवणानंतर बाबा तिनेच दातात अडकलेला शेवगा काढतात आणि आई ती पुन्हा बांगडीत अडकवते. निकेलच्या वस्तूला धुवावं लागत नाही, असं तिचं ठाम मत आहे.