सरकारी लॉ कॉलेज आणि पिंट्याची आई

"वहिनी, ऐकलंत? समोरच्या पिंट्याला लॉ मिळालं!"

"कुठलं? लाखो रुपये डोनेशनवालं?"

"छे हो, चर्चगेटचं सरकारी. म्हणून तर त्याची आई तोंड पाडून बसलीय. सरकारी म्हटलं की तिला रेशनचं दुकानच आठवतं."

"अगं बाई! १८५५ सालचं कॉलेज ते. खुद्द टिळक तिथले, १८७९चे एलएलबी."

"आणि बाबासाहेब?"

"ते विद्यार्थी नव्हेत. लोक उगाच त्या यादीत घालतात. त्यांनी तिथे शिकवलं, १९३५ला प्राचार्य झाले. प्रतिभाताई पाटील मात्र तिथल्याच. कायदा शिकून परत जळगावच्या कोर्टात वकिली केली. पण खरी गंमत केशवानंद खटल्याची."

"ते मठाचे स्वामी?"

"तेच. त्यांच्या बाजूनं नानी पालखीवाला, मदतीला सोली सोराबजी. समोर केरळ सरकारतर्फे सीरवाई. तिघं पारशी, नि तिघं याच कॉलेजचे!"

"म्हणजे घरचंच भांडण की!"

"तेरा न्यायाधीशांपुढे अडुसष्ट दिवस चाललं हो. एप्रिल १९७३ला निकाल, सात विरुद्ध सहा. संसदेनं घटना बदलावी, पण तिच्या गाभ्याला हात लावायचा नाही."

"सीरवाई हिरमुसले असतील."

"तेव्हा असतील. पण आणीबाणी पाहिली नि पुढे त्यांनीच ते तत्त्व मान्य केलं. माझ्या मते जिंकणाऱ्यापेक्षा हा माणूस मोठा. फली नरिमनही तिथलेच. दिल्लीत अतिरिक्त सॉलिसिटर जनरल होते, आणीबाणी लागताच राजीनामा देऊन मोकळे."

"सगळेच असे ताठ कण्याचे?"

"कुठलं! न्यायमूर्ती भगवतीही तिथलेच ना. जनहित याचिका रुजवली, गरिबाला कोर्टाचं दार उघडलं, सगळं खरं. पण १९७६ला तुरुंगात डांबलेल्यांना दाद मागायचा हक्कच नाकारणाऱ्यांत तेही होते. चुकलं म्हणाले, ते २०११ला!"

"पस्तीस वर्षांनी? बराच वेळ घेतला."

"कोर्टाची तारीख हो, दुसरं काय!"

"पण पिंट्याची आई म्हणते, सकाळीच तास संपतात, मग पोरगं दिवसभर उंडारणार."

"उंडारेल कशाला? तास सकाळी असतात म्हणून तर दुपारी एखाद्या वकिलाच्या ऑफिसात उमेदवारी करता येते. हायकोर्टही जवळच. तिला म्हणावं, रडणं पुरे. फीचे पैसे वाचलेत, त्यातून पोराला पुस्तकं घेऊन दे. आणि हो, पेढे अजून आलेले नाहीत."