अंधाराचा बाजारभाव

वीज कशी निर्माण होते, हे अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यास चार वर्षे शिकविले जाते. ती कोणत्या भावाने विकली जाते, हे मात्र नोकरी लागून त्याच्या स्वतःच्या नावे बिल येऊ लागेपर्यंत त्याला कोणी सांगत नाही. हा अन्याय दूर व्हावा आणि फर्मागुडीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकणाऱ्या पेडणे व डिचोली महालांतील होतकरू तरुणांचे तरी डोळे, दिवे असोत वा नसोत, उघडावेत, या सद्धेतूने आजचा पाठ सादर करीत आहोत.

प्रथम भूगोल. गोमंतकाची वीज गोमंतकात फारशी पिकत नाही. सांकवाळच्या नाफ्त्यावरील ४८ मेगावॉटची महागडी वीज इतिहासजमा झाली. आमोण्याच्या लोखंडाच्या कारखान्यात भट्टीच्या वायूंपासून निघते ती थोडकी. बाकीची मुख्यतः कोरबा आणि विंध्याचल येथील कोळशापासून व तारापूर-काक्रापारच्या अणूपासून शेकडो मैल चालून येते. शेजारी तिळारीस ६० मेगावॉटचे जलविद्युत केंद्र आहे खरे, परंतु ते महाराष्ट्राचे. त्याच्या चक्रांतून सुटलेले पाणी धरणात साठून कालव्यांनी पेडणे, डिचोली आणि बारदेशाकडे येते. पाण्यातून वीज काढून घेतली की पाणी निःसत्त्व होते, या जुन्या भाबड्या समजुतीवर आमचा विश्वास नाही. परंतु पाणी जवळून आणि वीज दुरून, ही वाटणी ज्याने केली त्याच्या विनोदबुद्धीवर मात्र आहे.

आता सौद्याकडे वळू. इ. स. २००३ च्या विद्युत कायद्याने विजेच्या खुल्या व्यापाराची वाट मोकळी केली आणि २७ जून २००८ रोजी इंडियन एनर्जी एक्स्चेंजचे व्यवहार सुरू झाले. तेथे उद्याची वीज आज सकाळी दहा ते बारा या दोन तासांत विकली जाते. दिवसाचे पंधरा-पंधरा मिनिटांचे ९६ तुकडे पाडलेले असतात आणि प्रत्येक तुकड्याचा भाव निराळा ठरतो. विक्रेत्यांच्या बोल्या स्वस्ताकडून महागाकडे रचल्या जातात, गिऱ्हाइकांच्या महागाकडून स्वस्ताकडे, आणि दोन्ही रांगा जेथे एकमेकींस छेदतात तो भाव सर्वांस मिळतो. डिचोलीच्या बुधवारच्या बाजारात एकीने बांगडा दोन रुपयांस, दुसरीने चारांस, तिसरीने नवांस देऊ केला आणि गिऱ्हाइकांना तिघींचाही माल लागला, तर पहिल्या दोघींनाही नऊच रुपये द्यावयाचे, अशी ही रीत आहे. ऐकून डोके फिरते खरे. परंतु ज्याने त्याने आपल्या बोलीइतकेच घ्यावे असा नियम केला, तर दोन रुपये खर्चाचा मालक शेवटचा भाव हेरून साडेआठ म्हणू लागेल, आणि स्वस्त कोण व महाग कोण हेच कळेनासे होईल. समान भावामुळे प्रत्येकास आपला खरा खर्च सांगणे परवडते. मार्च २०२२ मध्ये हा शेवटचा भाव युनिटला २० रुपयांच्या कमाल मर्यादेस जाऊन भिडला, तेव्हा केंद्रीय विद्युत नियामक आयोगाने मर्यादा प्रथम १२ आणि पुढल्या वर्षी १० रुपयांवर आणली. अर्थात, बाजार मुक्त आहे, फक्त भाव स्थानबद्ध आहे.

सारी वीज अशी विकत घेतली जात नाही. बहुतांश वीज दीर्घ मुदतीच्या करारांनी मिळते आणि तिचे मोल दुहेरी असते: केंद्र तुमच्याकरिता सज्ज राहिले म्हणून स्थिर आकार, आणि प्रत्यक्ष वीज घेतली म्हणून इंधनाचा आकार. वीज न घेतली तरी स्थिर आकार चुकत नाही. म्हणून उद्या किती लागेल याचा अंदाज हा या धंद्याचा प्राण होय. अंदाज चुकून वेळापत्रकाहून अधिक वीज ओढली तर दंड. कमी ओढली, आणि त्या वेळी देशाच्या जाळ्याची वारंवारिता ५० हर्ट्झच्या खाली घसरलेली असली, तर ठराविक मर्यादेत त्या न ओढलेल्या विजेबद्दल पैसे पदरात पडतात.

विद्यार्थ्यांनी येथे क्षणभर थांबावे, कारण या पाठाचे सार वरच्या शेवटच्या वाक्यात आहे. आषाढातील एका सायंकाळी वाऱ्याने माडाची झावळी तारेवर पडते, फिडर बसतो आणि चार वाडे काळोखात जातात. कोरब्याचा कोळसा जळतच असतो. बाजारातही वीज मुबलक असते. उणीव असते ती शेवटच्या दोन खांबांमधील तारेची, आणि त्या तारेवर पंधरा मिनिटांचा लिलाव चालत नाही, कारण गोव्यात वितरणाचा कारभार सरकारी खात्याकडे आहे आणि ग्राहकास दुसरा दुकानदार नाही. परंतु त्या चार वाड्यांनी न ओढलेली वीज वेळापत्रकाहून कमी ओढलेली म्हणून मोजली जाते. योग असला तर तिचे पैसेही जमा होतात. म्हणजे पेडण्याचा अंधार हे महसुलाचे साधन ठरू शकते, आणि त्याच्या उत्पादनास कोळसा लागत नाही, पर्यावरणाचा दाखला लागत नाही, मोलेच्या जंगलातून तारा ओढण्यावरून उठला तसा वादही उठत नाही.

डिचोलीच्या खनिज पट्ट्याचा लिलाव डिसेंबर २०२२ मध्ये झाला. जमिनीखालच्या संपत्तीवर सरकारचा हक्क असून ती काढणाऱ्याने स्वामित्वधन भरावे, हे तत्त्व त्या महालास तोंडपाठ आहे. तेच तत्त्व उलट्या दिशेने लावून, अंधार ही प्रजेची संपत्ती असल्यामुळे तिचा उपयोग करणाऱ्या सरकारने प्रजेस स्वामित्वधन द्यावे, असा अर्ज आम्ही सुचवीत आहोत. कायद्याचा आधारही तयार आहे: विद्युत कायद्याच्या कलम ५७ प्रमाणे सेवेच्या ठरलेल्या मानकांत कसूर करणाऱ्या परवानाधारकाने बाधित ग्राहकास भरपाई द्यावयाची आहे, आणि २०२० च्या ग्राहकहक्क नियमांनी तर ती आपोआप मिळावी असे फर्माविले आहे. आमच्या संयुक्त विद्युत नियामक आयोगाचे कार्यालय गुरुग्रामास असल्याने अर्जदाराचा प्रवासखर्चही भरपाईतच धरावा.

या अर्जाचे उत्तर काय येईल, हेही होतकरू अभियंत्यांनी आताच लिहून ठेवावे: ‘अर्जदाराचे म्हणणे तत्त्वतः मान्य. तथापि अंधार किती झाला हे मोजणारे यंत्र विजेवर चालते व सदर काळात वीज नसल्यामुळे मोजणीची नोंद आढळून येत नाही. सबब अर्ज दप्तरी दाखल.’