22 टक्क्यांची चौथाई

बागबाजारात मराठा डिच लेन नावाची एक गल्ली आहे. कोलकात्यात बदली होऊन आलेल्या मराठी माणसाला इथले सहकारी एकदा तरी तिथे नेतातच, आणि तुमच्या धास्तीने आम्ही काय काय केलं ते मोठ्या कौतुकाने सांगतात. 1742 साली नागपूरकर भोसल्यांची फौज बंगालात शिरली तेव्हा कलकत्त्याच्या रहिवाशांनी पदरमोड करून शहराभोवती खंदक खणायला घेतला. सात मैलांचा बेत होता. तीनेक मैल झाला, मराठे काही येत नाहीत असं दिसलं आणि कुदळी खाली ठेवल्या गेल्या. 1756 मध्ये आला तो सिराजउद्दौला, आणि त्याला हा अर्धवट खंदक आडवा आला नाही. पुढे खंदक बुजवून त्यावर सर्क्युलर रोड झाला. आज तिथे वाहतूक अशी तुंबते, की कुठलीही फौज आली तरी सियालदहच्या पुढे सरकायची नाही.

मराठे शहरात शिरले नाहीत तरी पैसे बिनबोभाट नागपूरला जाऊ लागले. 1751 च्या तहात बंगालचा नबाब अलीवर्दीखान याने रघूजी भोसल्यांना दरसाल 12 लाख रुपये चौथाई कबूल केली. बंगालने हे अजून मनातून काढलेलं नाही. बर्गी, म्हणजे मराठा स्वार, आले म्हणून सांगत इथल्या आया आजही पोरं झोपवतात.

चौथाई मात्र संपली नाही, फक्त वसुलीचे घोडे गेले. बँका, विमा कंपन्या, सरकारी खाती यांच्या पोटात ओरॅकल नावाचा डेटाबेस असतो. त्याचा परवाना एकदा विकत घ्यायचा, आणि मग ‘सपोर्ट’ या नावाखाली परवान्याच्या किमतीच्या 22 टक्के रक्कम दरसाल भरत राहायची, हा त्या व्यवहाराचा सर्वज्ञात दर. आमच्या पूर्वजांनी 25 टक्के घेतले म्हणून आम्ही पावणेतीनशे वर्षं शिव्या खातोय. तीन टक्के सूट दिली असती तर आम्हालाही ‘एंटरप्राइझ पार्टनर’ म्हटलं असतं.

ओरॅकल ही कंपनी हुशार, यात वाद नाही. 1979 मध्ये तिने आपला पहिला डेटाबेस बाजारात आणला तो ‘आवृत्ती 2’ म्हणून, कारण आवृत्ती 1 कोण घेणार? तिच्या संस्थापकांपैकी लॅरी एलिसन यांनी 2012 मध्ये हवाईमधलं लानाई हे बेट जवळजवळ अख्खं विकत घेतलं, आणि सप्टेंबर 2025 मध्ये काही तासांपुरते ते जगातले सर्वांत श्रीमंत गृहस्थही होते. डेटाबेसही दणकट आहे. उगाच नावं ठेवण्यात अर्थ नाही. पैसे भरणाऱ्यांनी खुशाल भरावेत. या सदराला काळजी आहे ती पदरमोड करून खंदक खणणाऱ्यांची.

हे लोक म्हणजे ओपन सोर्सवाले. पश्चिम बंगालच्या सार्वजनिक ग्रंथालयांच्या जाळ्याने जुनी, विरलेली बंगाली पुस्तकं स्कॅन करून ज्यावर ठेवली ते डीस्पेस, महाविद्यालयांचे ऑनलाइन वर्ग ज्यावर भरतात ते मूडल, विकिपीडिया ज्यावर उभा आहे ते मीडियाविकी, ही सगळी फुकट सॉफ्टवेअर. कुणामागे छोटी कंपनी, कुणामागे एखादी विनानफा संस्था; पण कोपऱ्याकोपऱ्यातली कामं रात्री जेवणं झाल्यावर लॅपटॉप उघडणारी माणसंच करतात. कोलकात्याला हा प्रकार नवा नाही. 1966 मध्ये जादवपूर विद्यापीठ आणि भारतीय सांख्यिकी संस्था यांनी मिळून इथे स्वतःचा संगणक बांधला होता. त्याच सांख्यिकी संस्थेच्या ग्रंथालयाने पुढे डीस्पेस वापरलं. स्वतः बांधायचं, फुकट वाटायचं आणि वर रात्रभर त्यावर वाद घालायचा, हे या शहराच्या हाडीमासी आहे.

या फुकट सॉफ्टवेअरला साजेसे फुकट डेटाबेसही आहेत: पोस्टग्रेस आहे, मारियाडीबी आहे. मजेत चालतं. मग एके दिवशी एखादी मोठी संस्था येते. सॉफ्टवेअर तिला आवडलेलं असतं, विशेषतः किंमत. एवढंच विचारते, “आमच्याकडे ओरॅकल आहे. त्यावर चालेल ना?” कुणीतरी भिडस्त पोरगा “हो, करून देतो” म्हणतो. पुढची पंधरा वर्षं तो “हो” निस्तरण्यात जातात, आणि पोराला मधल्या काळात पोरं होतात.

काय निस्तरावं लागतं, ते जरा जवळून बघा. तुम्ही अर्ज भरताना एखादा रकाना मुद्दाम कोरा सोडलात, समजा वडिलांचं नाव. पोस्टग्रेस म्हणतो, उत्तर आलं, ते कोरं आहे. ओरॅकल म्हणतो, उत्तरच आलेलं नाही. त्याच्या लेखी कोरी अक्षरमाळ आणि ठाऊक नसलेली गोष्ट या दोन्ही एकच. आता सॉफ्टवेअरचा नियम असा, की या रकान्यात उत्तर आलंच पाहिजे, कोरं असलं तरी चालेल. झाली पंचाईत. मूडलवाल्यांनी तोड काढली: ओरॅकल समोर असेल तर कोऱ्या उत्तराऐवजी एक मोकळी जागा, स्पेसबार एकदा दाबल्यावर पडते तेवढी, लिहून ठेवायची. ओरॅकलला वाटतं काहीतरी आलं, मूडलला ठाऊक की काही आलेलं नाही. हे काम करणाऱ्या फंक्शनला त्यांनी ‘ओरॅकल डर्टी हॅक’ असंच नाव ठेवलं. सरकारी दप्तरात इतका प्रामाणिक मथळा माझ्या पाहण्यात नाही.

नावांचं तसंच. ओरॅकलमध्ये तक्त्याचं नाव 30 बाइटांपेक्षा लांब चालत नसे. म्हणून मूडलमध्ये दंडक होता, तक्त्याचं नाव 28 अक्षरांत बसवा, उरलेली दोन नावाच्या सुरुवातीला जोडायच्या खुणेसाठी राखीव. ज्यांनी जन्मात ओरॅकल पाहिला नाही तेही बिचारे शब्दांतले स्वर गाळत बसले. ओरॅकलने स्वतः नंतर ही मर्यादा 128 वर नेली, पण जुन्या आवृत्त्या वापरणारे जुन्याच वापरत राहिले, आणि मूडलचा दंडक 2023 पर्यंत टिकला. मालकाने फाटक उघडलं तरी चौकीदार आत सोडायला तयार नव्हता, कारण मागून अजून एक म्हातारा ग्राहक येतोय असं त्याला कुणीतरी सांगितलेलं.

आणि होय-नाही! तक्त्याच्या रकान्यात सरळ ‘हो’ किंवा ‘नाही’ साठवण्याची सोय ओरॅकलमध्ये आली 2023 च्या आवृत्तीत. 1979 पासून मोजा. तोवर लोक 1 आणि 0 लिहून भागवत होते. चव्वेचाळीस वर्षं हो किंवा नाही न म्हणता कारभार रेटून नेणारी दुसरी यंत्रणा शोधायला मला सरकारी कचेऱ्यांचा डलहौसी स्क्वेअर ओलांडावा लागणार नाही.

दुरुस्ती केली तरी ती चालते का हे तपासायचं कशावर? फुकट मिळणारी छोटी आवृत्ती आहे, पण तिच्यात 12 जीबीपेक्षा जास्त माहिती मावत नाही, आणि ज्यांच्या तक्रारी येतात त्यांच्याकडे त्याच्या कित्येक पट माहिती. बरं, आपल्या यंत्रावर ओरॅकल अमुक इतका हळू चालला असं मोजून जाहीर करावं, तर कराराच्या अटींत तेही बसत नाही: परवानगीशिवाय वेगाच्या चाचण्यांचे आकडे छापायचे नाहीत. विस्कॉन्सिनच्या डेव्हिड डेविट या प्राध्यापकांनी 1980 च्या दशकात असे आकडे छापले, तेव्हापासून हे कलम त्यांच्याच नावाने ओळखलं जातं. म्हणजे स्वयंसेवकाने फुकट राबायचं, पण दम लागला हे बोलायचं नाही.

पळून जावं म्हटलं तर कुठे? एकेकाळी सगळे मायएसक्यूएलच्या आश्रयाला गेले. 2008 मध्ये मायएसक्यूएल सन कंपनीने घेतलं आणि 2010 मध्ये सनच ओरॅकलने घेतली. मारियाडीबी निघालं ते याच धसक्याने. कलकत्तेकर निदान एका बाजूची फौज धरून खंदक खणत होते.

तेव्हा एकेकाने कुदळ खाली ठेवली. मीडियाविकीने 2019 च्या डिसेंबरात आलेल्या आवृत्तीत ओरॅकलला निरोप दिला, आणि त्याच दमात मायक्रोसॉफ्टच्या डेटाबेसलाही. विकिपीडिया स्वतः मारियाडीबीवर चालतो, त्यामुळे बंगाली विकिपीडियावर कवींच्या जन्मगावांवरून चाललेल्या लढायांत एका मिनिटाचाही खंड पडला नाही. डीस्पेसने आधी रीतसर इशारा देऊन 2023 मध्ये दार लावलं. मूडलने 2025 च्या एप्रिलमध्ये, पाचव्या आवृत्तीत. त्या मोकळ्या जागेचीही त्याबरोबर सुटका झाली.

यावर बोंब कुणाच्या नावाने झाली असेल? 22 टक्के घेणाऱ्याच्या? छे. ज्याला पैसे देतो त्याच्याशी माणूस अदबीने बोलतो; तोंड सोडायचं ते फुकट देणाऱ्यावर. भारत सरकारचं ओपन सोर्स वापरण्याचं धोरण 2015 पासून आहे, आणि आपल्याकडे त्याचा अर्थ बऱ्याच ठिकाणी असा लागला, की डेटाबेस विकत घ्यावा आणि उरलेलं सगळं फुकट मागावं. अशा एखाद्या संस्थेचं पत्र कसं असेल, ते मी कल्पनेने लिहून काढलं आहे. खरं पत्र याहून लांब असतं.

प्रति,
मा. स्वयंसेवक महोदय

विषय: मोफत सेवा अचानक बंद केल्याबाबत.

महोदय,
उपरोक्त विषयान्वये कळविण्यात येते की, आपण ओरॅकलसाठीचा आधार बंद केल्याचे या कार्यालयाच्या निदर्शनास आले आहे. याबाबतची पूर्वसूचना आपण प्रसिद्ध केली होती असे समजते. तथापि ती संबंधित टेबलावर न आल्याने ग्राह्य धरता येत नाही.

2. चालू आर्थिक वर्षात डेटाबेसच्या नूतनीकरणापोटी मोठी रक्कम अदा झाल्याने आपणास देण्याकरिता निधी शिल्लक नाही. सबब आपण हे काम पूर्वीप्रमाणेच सेवाभावाने करावे.

3. चाचणीसाठी आपण आमच्या परवान्याची मागणी केली होती. परवाना प्रोसेसरनिहाय असल्याने तो आपल्या लॅपटॉपास लागू करता येणार नाही. आपण स्वखर्चाने सॉल्ट लेक, सेक्टर फाइव्ह येथे पूजेच्या सुटीपूर्वी उपस्थित राहावे. चहा देण्यात येईल.

4. सॉफ्टवेअर फार हळू चालते. किती हळू, हे करारातील अटींमुळे कळविता येत नाही.

5. आपण सुचविल्याप्रमाणे पोस्टग्रेसवर जाण्याचा प्रस्ताव विचारार्थ घेण्यात आला होता. तथापि ज्या वस्तूचे देयकच येत नाही तिची खरेदी कोणत्या लेखाशीर्षाखाली दाखवावी, याबाबत लेखा शाखेचे मार्गदर्शन अपेक्षित आहे.

खुलासा तीन दिवसांत सादर करावा.

आपला विश्वासू,
(सही वाचता येत नाही)

ता. क. कोरा खुलासा पाठवू नये. आमच्या प्रणालीत तो आलाच नाही असे धरले जाते. सांगण्यासारखे काही नसल्यास निदान एक मोकळी जागा पाठवावी.