नाना आणि नाश्त्याची सोंगं

नानांना सकाळी जिन्यात 'काय नाना, झाला का नाश्ता?' असं विचारू नये. 'झाला. आठ ग्रॅम,' असं उत्तर येतं. हे आठ ग्रॅम नाश्त्याचं वजन नव्हे, नाश्त्यातले कार्ब्ज. नाश्ता ही चीज नानांच्या लेखी आता उरलेलीच नाही. उरले आहेत कार्ब्ज, प्रोटीन, फॅट आणि माई. पहिल्या तिघांचा हिशेब नाना ठेवतात, बाकी सगळं माई करतात.

आमचे नाना कोथरूडला राहतात, पण नाना प्रत्येक सोसायटीत एक तरी असतातच. वय साठीच्या अलीकडे-पलीकडे, नोकरी बँकेतली, एचबीए१सी ६.१ म्हणजे काठावर आणि पोट काठाबाहेर. देशात दहा कोटींहून जास्त मधुमेही आहेत, हा आयसीएमआरच्या पाहणीतला २०२३ सालचा आकडा नानांना तोंडपाठ आहे. तो ते अशा काही सुरात सांगतात, की त्यातले निम्मे आपल्याच बी विंगमध्ये राहतात असं ऐकणाऱ्याला वाटावं.

डॉक्टर त्यांना एवढंच म्हणाले होते, 'साखर सोडा, भात-पोळी-पोहे कमी करा, चालायला जा.' दुसऱ्या कुणी हे ऐकलं असतं आणि दोन पोळ्या कमी केल्या असत्या. नानांनी ते व्रत म्हणून घेतलं. घेतला वसा टाकायचा नाही, असं त्यांचं म्हणणं आहे. प्रत्यक्षात हा त्यांचा तिसरा वसा. ऋजुता दिवेकरांचं पुस्तक २००९ साली आलं तेव्हा 'दर दोन तासांनी थोडं खावं' यातलं 'दर दोन तासांनी' त्यांनी मनापासून उचललं. 'थोडं' राहून गेलं. पुढे डॉ. जगन्नाथ दीक्षितांचं व्याख्यान ऐकून आले आणि दिवसातून दोनदाच जेवू लागले, प्रत्येक जेवण ५५ मिनिटांच्या आत. ही कमाल मर्यादा नानांनी किमान म्हणून पाळली. चौपन्नाव्या मिनिटाला माईंना 'अगं, आणखी एक पोळी बसते' अशी हाक यायची.

लो-कार्बला नानांनी इतिहासाचं पाठबळ शोधून ठेवलं आहे. १८६३ साली लंडनच्या विल्यम बँटिंग नावाच्या गृहस्थानं एक पत्रिका छापली. धंदा अंत्यविधीचं सामान पुरवण्याचा, वजन २०२ पौंड. डॉक्टरांच्या सल्ल्यानं त्यानं पाव, साखर, बटाटे, बिअर सोडली आणि वर्षभरात ४६ पौंड उतरवले. 'दुसऱ्यांच्या शवपेट्या करता करता माणूस स्वतःची लांबणीवर टाकतो, बघा!' असं नाना म्हणतात. बँटिंगला जेवणाबरोबर दोन-तीन ग्लास वाइनची मुभा होती, हा भाग ते फक्त जावयाला सांगतात, तोही माई देवळात गेल्या असताना.

पहिल्या आठवड्यात नानांचं वजन अडीच किलो उतरलं. नानांनी पँटी अल्टर करायला टाकल्या. शरीरात साठवलेल्या साखरेचा, ग्लायकोजेनचा, एकेक ग्रॅम आपल्याबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी धरून बसतो. साठा रिकामा झाला की ते पाणी निघून जातं, चरबी अजून जागची हललेली नसते. डॉक्टरांनी हे सांगितलं तेव्हा नानांचा चेहरा असा झाला, की त्यांची मुदतठेव कुणी परस्पर मोडली असावी. त्या पाण्याबरोबर मीठही जातं, म्हणून सुरुवातीला डोकं दुखतं, गळून गेल्यासारखं वाटतं. माईंनी काही न वाचता त्यांच्या हातात मीठ घातलेल्या ताकाचा पेला दिला होता. नानांनी तेच पुढे मोबाइलवर वाचलं आणि माईंना समजावून सांगितलं.

खरा पेच होता सकाळी आठचा. मराठी घरात नाश्ता म्हणजे पोहे, पोहे कंटाळवाणे झाले की उपमा, उपमा नको झाला की साबुदाण्याची खिचडी आणि बदल म्हणून पुन्हा पोहे. शंभर ग्रॅम कोरड्या पोह्यांत ७६-७७ ग्रॅम कार्ब्ज, रव्यात ७३ च्या आसपास, साबुदाण्यात ८७. कडक कीटो करणारा दिवसभरात पन्नासच्या आत राहतो. लो-कार्ब साधारण १३० च्या आतलं. म्हणजे पोह्यांची एक भरगच्च डिश खाल्ली की कीटोवाल्याचा दिवस सकाळी साडेआठलाच मावळला. वाण्याकडचा 'डाएट चिवडा' नाना महिनाभर निर्धास्तपणे खात होते. तोही पातळ पोह्यांचाच असतो, हे नातवानं पाकीट वाचून सांगितलं, तेव्हा त्यांनी आधी नातवाच्या चष्म्याचा नंबर तपासून घ्या म्हटलं.

आता पोहे चालत नाहीत तर नाहीत. पण नानांना पोहे सोडायचे नव्हते, पोह्यांतला फक्त तांदूळ सोडायचा होता. इथून त्यांच्या घरात सोंगांचा हंगाम सुरू झाला. पहिलं सोंग फ्लॉवरचे पोहे. फ्लॉवर किसायचा, मीठ लावून पिळायचा, मोहरी-हळदीच्या फोडणीत परतायचा, वरून लिंबू, खोबरं, कोथिंबीर. दिसायला थेट पोहे. वास मात्र फ्लॉवरनं सोडला नाही. तो जिन्यातून तिसऱ्या मजल्यापर्यंत गेला. नातवानं पहिला घास घेतला आणि विचारलं, 'आजोबा, हे कधीचे आहेत?'

दुसरं सोंग बदामाच्या पिठाच्या भाकरीचं. या पिठाची किंमत सांगत नाही, माईंनाही सांगितलेली नाही. पिठात चिकटपणा कसला तो नाही. भाकरी थापायला घेतली की तिचा जिल्ह्यांत विभागलेला नकाशा व्हायचा. मग कुणी तरी सुचवलं, इसबगोल घाला. घातल्यावर भाकरी जुळून आली. इसबगोलाचं मूळचं कार्यही दुपारपर्यंत पार पडलं. नानांनी ती नोंद वहीत 'फायबर: उत्तम' या सदरात केली.

ही हौस नानांनी परदेशातून आणलेली नाही. आपल्या स्वयंपाकघराला सोंगांची जुनी सवय आहे. उपासाला भात चालत नाही म्हणून वरईचा भात, पुरी चालत नाही म्हणून राजगिऱ्याची पुरी, चिवडा चालत नाही म्हणून बटाट्याचा चिवडा. एकादशी, दुप्पट खाशी ही म्हण काही उगीच पडली नाही. नाना लो-कार्बही उपासाच्याच कायद्यानं चालवतात. एखादा पदार्थ पुढे आला की किती खावा हा प्रश्न त्यांना पडत नाही. चालतो की नाही, एवढाच पडतो. शेंगदाणे चालतात, हे कळल्यावर ते टीव्हीसमोर डबा घेऊन बसले आणि बातम्या संपेपर्यंत डबाही संपला. तूप चालतं, हे कळलं तेव्हा माईंनी बरणी वरच्या फळीवर ठेवली.

दोन्ही कायदे आषाढी एकादशीला समोरासमोर आले. उपासाला अंडं, मूग, मटकी चालत नाही. लो-कार्बला साबुदाणा, बटाटा, वरई, रताळं चालत नाही. नाना सकाळपासून वही घेऊन बसले होते. पनीर चालतं का, यावर माईंच्या माहेरी दोन तट, त्यामुळे तो मुद्दा तहकूब झाला. साडेनऊला माईंनी त्यांच्यासमोर वाडगा ठेवला. काकडी चोचवून पिळून घेतलेली, दाण्याचं कूट, ओलं खोबरं, हिरवी मिरची, लिंबू आणि वर तूप-जिऱ्याची फोडणी. सोबत घट्ट दही. विठोबालाही चालत होतं, डॉक्टरांनाही. 'हे कुठून शोधलंस?' नानांनी विचारलं. 'चाळीस वर्षं दर एकादशीला करते,' माई म्हणाल्या. 'तुम्ही खिचडीच्या नादात बघत नव्हतात.'

पण नानांची खरी परीक्षा झाली पुतण्याच्या कांदेपोह्यांच्या वेळी. घरातले वडीलधारे म्हणून त्यांना नेणं भाग होतं. नेहमीची चौकट: मुलगी, आईवडील, कोपऱ्यात आजी, आणि प्रत्येकाच्या हातात डिश. पिवळेधमक पोहे, वर शेव, बाजूला रव्याचा लाडू. नानांनी लाडू पुतण्याच्या डिशमध्ये सरकवला. मग चमच्याच्या टोकानं एकेक शेंगदाणा वेचून खाल्ला. त्यानंतर खोबरं. त्यानंतर कांदा. कढीपत्त्याची पानं त्यांनी चावून खाल्ली, लिंबाची फोड पाण्यात पिळली. पाच मिनिटांत डिशमध्ये पोह्यांचा निखळ ढीग उरला, त्यात दुसरं काहीही नव्हतं. बोलणी थांबली. मुलीची आई कानकोंडी होऊन म्हणाली, 'काही कमीजास्त झालंय का पोह्यांत?'

'छे छे, फार सुरेख झालेत,' नाना म्हणाले. 'फक्त त्यातले पोहे मला चालत नाहीत.'

मुलगी इतका वेळ खाली मान घालून नाही, तर सरळ समोर बघत बसली होती. तिनं विचारलं, 'लो-कार्ब का, काका? पन्नासच्या आत की एकशेतीसच्या?' नानांचे डोळे लकाकले. हा प्रश्न विचारणारी व्यक्ती त्यांना आयुष्यात पहिल्यांदा भेटत होती. 'थांबा, माझी जिमची उकडलेली अंडी आहेत फ्रिजमध्ये, देऊ का दोन?' ती म्हणाली आणि आणलीसुद्धा, मीठ-मिरपूड घालून. कोपऱ्यातल्या आजींच्या हातातली जपमाळ थांबली. नानांनी दोन्ही अंडी खाल्ली. 'एकेका अंड्यात सहा ग्रॅम प्रोटीन, कार्ब्ज ग्रॅमभरही नाहीत,' हे त्यांनी आजींना उद्देशून सांगितलं. पुढची वीस मिनिटं ती दोघंच बोलत होती. पुतण्यानं दोन्ही लाडू संपवले. चार दिवसांनी मुलीकडून निरोप आला: काका फार छान आहेत.

नानांची ही सगळी धामधूम चालू असताना माईंनी आपल्या परीनं काही बदल केले होते. त्यांची वही नाही. सोमवारी मोड आलेल्या मुगाची उसळ, वाटीभर, पोळीशिवाय. मंगळवारी पनीर हातानं कुस्करून, कांदा-मिरची-हळदीत परतून. बुधवारी आदल्या रात्रीची मेथीची भाजी कढईत गरम करायची, नानांसाठी तिच्यावर दोन अंडी फोडायची, झाकण ठेवून चार मिनिटं. स्वतःसाठी तीच भाजी दह्याबरोबर, वर जवसाची चटणी. गुरुवारी कोबी भरपूर आणि बेसन मुठीएवढं घालून तव्यावर लहानसं थालीपीठ. शुक्रवारी कुकरला मिठाच्या पाण्यात उकडलेले शेंगदाणे, पण मोजून एक वाटी. मटकी-मुगात कार्ब्ज असतात, बेसनातही असतात, कीटोवाला नाक मुरडेल. पण पोह्यांच्या मानानं कमी, आणि बरोबर प्रोटीन आणि चोथा असल्यानं अकरा वाजता पुन्हा डबे धुंडाळावे लागत नाहीत. अंड्याचा तवा पूर्वी बाल्कनीत असायचा. तो माईंनी आत घेतला, एवढी एकच क्रांती या घरात झाली. चहातली साखरही त्यांनी कुणाला न सांगता आधी निम्मी केली, मग बंद केली. दिवसाचे तीन कप, कपाला दोन चमचे, चमच्याला चार ग्रॅम. हा हिशेब नानांनी नंतर केला आणि स्वतःच्या नावावर मांडला.

तीन महिन्यांनी दोघं तपासायला गेली. नानांचा रिपोर्ट सुधारला होता. माईंचा जास्त सुधारला होता. 'ह्यांना तुम्ही वेगळं काही सांगितलंत का?' नानांनी डॉक्टरांना संशयानं विचारलं.

गेल्या महिन्यात ज्येष्ठ नागरिक संघानं नानांचं व्याख्यान ठेवलं: 'लो-कार्ब नाश्ता: सोपे उपाय'. माईंनी घरून निघतानाच बजावलं होतं, की इन्सुलिन किंवा साखरेच्या गोळ्या घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय यातलं काही करायचं नाही, साखर एकदम खाली जाते, हे आधी सांगा. नानांनी ते आधीच सांगितलं, कारण माई पहिल्या रांगेत बसल्या होत्या. त्यानंतर सव्वा तास बँटिंग, ग्लायकोजेन, फ्लॉवरचे पोहे आणि बदामाची भाकरी. फळ्यावर तीन तक्ते. इसबगोलाच्या मुद्द्यावर सभागृहात उत्साह संचारला.

प्रश्नोत्तरांत मागच्या रांगेतल्या एक आजी उठल्या. म्हणाल्या, 'एवढं सगळं करण्यापेक्षा सकाळी वाटीभर मुगाची उसळ खाल्ली तर चालेल का हो?'

नानांनी माईंकडे पाहिलं. माई पर्समध्ये रुमाल शोधत होत्या.

'चालेल,' नाना म्हणाले, 'पण त्याला एक सिस्टीम लागते.'