ओठावरचा जर आणि पुण्याची लस

पावसाळा सरताना यवतमाळच्या झरी-जामणीकडच्या एखाद्या पोडावर, म्हणजे छोट्या वस्तीवर, हिव भरलेलं पोर दोन गोधड्यांखाली कुडकुडत असतं. ताप उतरतो आणि ओठाच्या कडेला पाणीदार फोडांचा झुबका उठतो. ‘जर फुटला, ताप गेला,’ म्हणत आजी तुपाचं बोट लावते. आमच्याही घरी हेच चालायचं.

पण तो जर हिवतापाच्या जंतूचा नसतो. नागिणीच्या भाऊबंदांतला एक विषाणू कधीचाच चेहऱ्याच्या मज्जातंतूच्या गाठीत दडून बसलेला असतो. शरीर तापाशी झुंजायला लागलं की तो डोकं वर काढतो.

असे भाडेकरू बरेच. डेनिस बर्किट या सर्जनने १९५८ साली युगांडातल्या मुलांच्या जबड्यातल्या कॅन्सरच्या गाठींची नोंद केली. १९६४ साली त्या गाठींच्या पेशींत एप्स्टीन-बार विषाणू सापडला. तो जगभर बहुतेकांच्या अंगात जन्मभर राहतो. हा कॅन्सर मात्र मुख्यतः हिवतापाच्या मुलखातल्या मुलांना होतो, कारण वारंवारच्या हिवतापाने विषाणूवरचा पहारा ढिला पडतो. उलटही घडतं. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात याच कुळातल्या विषाणूची ताजी लागण असलेले उंदीर, एरवी ते निभावून नेतात त्या हिवतापाने मेले. त्यांच्या अँटीबॉडीच नीट तयार झाल्या नाहीत.

आता लस. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने ऑक्सफर्ड विद्यापीठासोबत आणलेल्या आर-२१ या हिवतापावरच्या लसीची शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०२३ मध्ये केली. मोठी चाचणी झाली बुर्किना फासो, माली, केनिया आणि टांझानियात. उद्या ती आपल्या पोडावर आली, तर कोणत्या अंगात जाणार? याच कुळातला सायटोमेगॅलो विषाणू आपल्याकडे बहुतेक बाळांना लहानपणीच गाठतो, पुष्कळदा आईच्या दुधातून. (दूध मुळीच तोडू नका, दिवस भरून जन्मलेल्या बाळाला त्याचा सहसा त्रास होत नाही.) तो रोगप्रतिकारक पेशींचा मोठा हिस्सा स्वतःपाशी गुंतवून ठेवतो. लसीवर त्याचा परिणाम मात्र सगळीकडे सारखा नाही. काही अभ्यासांत प्रतिसाद घटला, तर फ्लूच्या लसीला काही तरुणांत तो वाढलेलाही दिसला. म्हणूनच अंदाजावर भागणार नाही.

लस लागू पडली नाही की आपलं बोट आधी आशाताईंकडे जातं, मग बर्फाच्या डब्याकडे, शेवटी आईकडे. मला याची चीड येते. हिवतापासाठी पोराच्या बोटाला टोचून काचपट्टीवर थेंब घेतोच आपण. लस देण्याआधी आणखी दोन थेंब घ्या, यवतमाळच्या सरकारी मेडिकल कॉलेजात जपून ठेवा, आणि त्या पोराच्या अंगात आधीपासून कोण राहतंय ते तपासा.