कुठेतरी पाणी मुरतंय

पिंपरीपासून चाकणपर्यंतच्या कारखान्यांत उभी हयात क्वालिटी खात्यात काढलेला माणूस निवृत्त झाला, की घरी बसत नाही. घर तपासायला घेतो. तळेगाव दाभाड्यात स्टेशनच्या बाजूला कुठल्याही सोसायटीत शिरा, असा एक नमुना सापडतोच. आमच्याकडे बोनेटकाका आहेत. खरं नाव दारावरच्या पाटीवर आहे, पण ते कुरिअरवाल्याखेरीज कोणी वाचत नाही. सकाळी दूध आणायला निघालेल्या माणसाला त्यांचं दर्शन पाठमोरंच घडतं. धड बोनेटमध्ये, पाय पार्किंगमध्ये आणि आतून हुकूम: "अरे, जरा टॉर्च धर." टॉर्च हातात घेतला की त्या दिवसाचा चहा कोरा.

गाडी २००९ ची शेवरले स्पार्क. "इथलीच आहे ती," असं काका नवख्याला पहिल्या मिनिटात सांगतात. जनरल मोटर्सचा तळेगावचा कारखाना २००८ साली सुरू झाला तो स्पार्क घेऊनच. पुढे २०१७ मध्ये कंपनीने देशातली विक्री थांबवली, २०२० च्या डिसेंबरात इथलं उत्पादन बंद पडलं आणि २०२३ मध्ये ह्युंदाईने कारखाना घ्यायचा करार केला. मुलगा हिंजवडीहून फोनवर म्हणतो, "बाबा, विकून टाका आता." काकांचं उत्तर ठरलेलं: "जिचं माहेर विकलं गेलं, तिला मी घराबाहेर काढू?" यावर काकू आतून म्हणतात, "माझ्या माहेरचा इतका पुळका कधी आला नाही हो!"

तर या गाडीचं कूलंट गळत नाही, कमी होतं. हा फरक समजल्याशिवाय काका पुढे बोलू देत नाहीत. गळतं म्हणायला खाली थेंब दिसायला हवा. रोज रात्री गाडीखाली वर्तमानपत्र पसरायचं, सकाळी ते उजेडात धरून पाहायचं. कोरडं ठक्क. तरी आठवड्याभरात बाटलीतली पातळी खालच्या रेघेला टेकलेली. तपासलेल्या पेपरांवर तारीख घालून काकांनी फाईल केली आहे. रद्दीवाला त्या गठ्ठ्याकडे आशेने बघतो आणि जातो.

गावातल्या फिटरांनी आपापल्या परीने निदान केलं. सोमाटणे फाट्यावरचा म्हणाला, वॉटर बॉडी गेली. स्टेशनजवळच्याने नुसतं ऐकूनच हेड गॅस्केटवर बोट ठेवलं. काकांनी ऑईलचं झाकण उघडून आतल्या बाजूला दुधाळ चहासारखा थर आहे का ते पाहिलं, सायलेन्सरचा पांढरा धूर शोधला, थंड इंजिन चालू करून रेडिएटरमध्ये बुडबुडे येतात का यावर डोळे लावून बसले. काही नाही. तिसऱ्याने ट्रकवाल्यांचा जुना उपाय सांगितला: रेडिएटरमध्ये चमचाभर हळद. "हळद भोक बुजवते तशा रेडिएटरच्या बारीक नळ्याही बुजवते," हे व्याख्यान काकांनी त्याला त्याच्याच गॅरेजमध्ये दिलं. काकूंनी मात्र हळदीचा डबा वरच्या फळीवर हलवला.

शेवटी सगळ्यांचं एकमत झालं, की रेडिएटर, पंप, होज सगळंच बदलून टाका. इथे काकांचा आवाज चढतो. "लोकांकडून पैसा-पैसा गोळा करून या गावात १९०८ साली पैसा फंडाचा काच कारखाना उभा राहिला. आणि मी कारण न शोधता हजारो रुपये ओतू?" काच कारखान्याचा रेडिएटरशी संबंध काय, हे विचारायची कोणाची टाप नाही.

मध्यंतरी एकदा चाकण रस्त्याला कंटेनरच्या रांगेत अडकून काटा वर चढला. बरोबर असलेल्या शेजाऱ्याने पाणी घालायला टोपणाला हात घातला, तर काका ओरडले ते मागच्या टेम्पोवाल्यालाही ऐकू गेलं. ओरडणं रास्तच होतं. पाणी एरवी १०० अंशांना उकळतं. टोपणाने दाब धरला की ती हद्द १२० च्या आसपास जाते. गरम इंजिनावर टोपण फिरवलं की दाब सुटतो आणि कोंडलेलं पाणी उसळून तोंडावर येतं. पण त्या उन्हात, हॉर्नच्या गदारोळात, हे सगळं आकृती काढून समजावायची काय गरज होती?

अखेर जुन्या टूलरूममधल्या मित्राकडून प्रेशर टेस्टर आला. टोपणाच्या जागी तो बसवायचा, हातपंपाने दाब भरायचा आणि काटा उतरतो का बघायचं. डिसेंबरातली पहाट, इंजिन गारठलेलं. काटा उतरू लागला. काकूंच्या पावडरच्या डब्यातला आरसा लांब चिमट्यात धरून काकांनी इंजिनाच्या मागे सारला. हीटरच्या होजला, जिथे नजर पोचत नाही अशा जोडावर, पांढुरकी हिरवट पूड जमली होती आणि तिच्या टोकाला एक थेंब धरत होता. गार असताना जुनं कडक रबर आक्रसायचं, थेंब झिरपून खालच्या कंगोऱ्यावर साठायचा. गाडी तापली की जोड घट्ट, थेंब वाळून गायब. पेपर कोरडा राहणारच.

नवी क्लिप चहा-वड्याच्या किमतीत आली. गाडी आता ठीक आहे. काका ठीक नाहीत, कारण व्हाय-व्हायचा तक्ता पुरा व्हायचाय. पाणी का गेलं? क्लिप सैल. सैल का? स्क्रूची होती, रबर आक्रसलं की स्प्रिंगची क्लिप त्याच्यामागे आवळत जाते, स्क्रूची जागेवरच राहते. स्प्रिंगची जाऊन स्क्रूची का आली? मागे होज बदलताना कोणीतरी लावली. का लावली? हाताशी तीच होती. पाचवा प्रश्न: तेव्हा तपासणीत पकडली का गेली नाही? हा रकाना काकांनी रिकामा ठेवलाय.

"आणा इकडे, मी भरते," काकू म्हणाल्या. "त्या रविवारी टॉर्च मीच धरला होता."